टाकीवरचा डोमाजी

हसायचं असेल तर आधी चहाचा घोट गिळा, मग हसा. नाहीतर ठसका लागेल आणि पुन्हा दोष माझ्यावर येईल! कारण माझ्यासारखा शिकलेला इंजिनियर अर्धी सकाळ एका मेलेल्या माणसाशी गप्पा मारत बसला होता. तेही वायरलेस मोडेमवरून!

गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीच्या पुढे, जंगलाला लागून एक गाव. खाली नाल्याकाठी विहीर आणि पंपघर, वर टेकडीवर पाण्याची टाकी. टाकी भरली की खालचा पंप आपोआप बंद व्हावा, म्हणून दोन्हीकडे एकेक रेडिओ मोडेम बसवायचा होता. वरचा मी आदल्या दिवशीच एका लोखंडी पेटीत बसवून, पेटीला कुलूप लावून आलो होतो. आता राहिला खालचा.

थंडीचे दिवस. धुकं असं, की टेकडी म्हणून काही या जगात आहे यावर विश्वास बसू नये. मोबाईलला रेंज नाही. पंपघरात मी आणि पंप चालवणारा हरिचंद, दोघंच.

लॅपटॉपच्या सीरियल पोर्टला वायर जोडली, मोडेमला आज्ञा दिल्या. प्रत्येक आज्ञेला तो शहाण्या पोरासारखा 'ओके' म्हणाला. झालं की काम! सहज गंमत म्हणून वरच्या मोडेमला पाठवायला इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, 'तिथे कोणी आहे'. वर ना लॅपटॉप, ना माणूस. उत्तर येणार कुठून?

क्षणभर काहीच नाही. मग स्क्रीनवर अक्षरं उमटली.

'कोणी आहे'

"हरिभाऊ, टाकीवर कोण आहे?"

"कोनीच नाही साहेब. चाबी माह्या कमरेले हाये."

मी टाइप केलं, 'तुला काय हवे'.

'काय हवे'

मी ते मोठ्यानं वाचलं मात्र, हरिचंदच्या तोंडातली बिडी खाली पडली. "डोमाजी! टाकीचा चौकीदार होता साहेब, दिवाळीच्या आधी गेला. अन् असाच बोले तो, अर्धाच!"

आता इथं मी हसायला हवं होतं की नाही? पण माझ्या हातावर काटा आला होता. घाईघाईनं लिहिलं, 'नारळ देऊ का'.

'देऊ का'

"काय देऊन राहिला तो?" हरिचंद उठून उभा राहिला. "चांगलं काही देनारा मानूस नव्हता बापा!"

शेवटचा उपाय म्हणून मी लिहिलं, 'तुम्ही जा इथून'.

'जा इथून'

हरिचंद गेलाच! परतला तो अर्धं गाव घेऊन. सगळे दाराबाहेर थिजलेले. आत आली ती एकटी सायत्राबाई, डोमाजीची बायको. डोक्यावर पदर घेऊन लॅपटॉपसमोर बसली.

"साहेब, मले एकच इचारा. गेला त्या दिवशी आमचं भांडन झालं होतं. म्या त्याले जेवाले नाही वाढलं. रागावला काय, एवढंच इचारा."

मी टाइप केलं, 'तुम्ही रागावले का'.

'रागावले का'

मी वाचून दाखवलं.

"मी कायले रागावू?" ती स्क्रीनला म्हणाली. पदरानं डोळे पुसले आणि उठली. "वर जातो मी. थंडीत एकटाच बसला हाये."

आणि धुक्यात शिरली! गर्दीतला एकही माणूस हलेना. आता बाई वर जाणार आणि साहेब खाली बसणार, हे बरं दिसतं का? हरिचंदकडून किल्ली घेतली आणि निघालो. पुढे तिचं पाऊल वाजायचं, ती दिसायची नाही. मग एकदम डोक्यावर टाकीचे खांब. कुठंतरी पाणी टपटपत होतं.

मी पेटी उघडली. मोडेमचा दिवा शांतपणे मिचमिचत होता. आणि त्याच्या पोर्टच्या दोन पिना लाल वायरच्या तुकड्यानं जोडलेल्या. मीच जोडलेल्या! खालून आलेलं सगळं जसंच्या तसं खाली परत जावं, म्हणजे रेडिओ पोचतो की नाही ते कळतं. चाचणी झाली की वायर काढायची असते. मी काढलीच नव्हती. आणि रेडिओ जागा होईपर्यंत सुरुवातीची चार-सहा अक्षरं गिळत होता. झाला डोमाजी तयार!

मी हात जोडले. "बाई, माफ करा. तो नव्हता. मीच बोलत होतो आणि माझंच मला परत ऐकू येत होतं."

वाटलं, आता चप्पल निघते. पण तिनं वाकून आधी ती लाल वायर पाहिली, मग मला.

"सकाळपासून आपल्याशीच बोलून राहिला होता तू?"

"हो."

"लगीन झालं हाये काय तुह्यं?"

"नाही."

"तरीच!" म्हणाली आणि टेकडी उतरू लागली. उतरता उतरता थोडी हसली असावी. धुक्यात नीट दिसलं नाही.

दुपारपर्यंत पंप सुरळीत चालू लागला. त्याचं कुणाला काय! निघताना हरिचंदनं जीपच्या ड्रायव्हरला बाजूला घेतलं आणि मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात बजावलं, "साहेबाले समोरच बसव गा. अन् गोंदिया येईपर्यंत त्याच्याशी बोलत राह्य."