निपाणी आणि चिकोडी

“मेसेज? मला कसला मेसेज आला न्हाय की!” निपाणीहून पहिल्या बसने आलेल्या आक्का काउंटरवर म्हणाल्या. पोटाची सोनोग्राफी होती, म्हणून त्या रात्रीपासून उपाशी होत्या. त्यात मधुमेह. आणि आमचे मशीन आदल्या संध्याकाळीच बंद पडले होते.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये मी कॉम्प्युटरचे काम पाहते. आप्पा तेव्हा आमचे मॅनेजर होते. यंदा ते वारले. निवृत्तीला आले होते तरी माझ्याकडून कॉम्प्युटरच्या कमांड शिकून घ्यायचे. मशीन दुरुस्त झाले तर बेळगावच्या पेशंटना ऐनवेळी दुपारी बोलावता आले असते. निपाणी आणि चिकोडीच्या लोकांना मात्र ‘उद्या येऊ नका’ असे कळवायचे होते. यादीतून नावे निवडून मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञा, तयार होती. गावांची अट आप्पांनी स्वतः घातली. एरर आली नाही. ते खुशीत घरी गेले.

“चुकलं कुठं गं? मी बोलतोय तसंच लिवलंय की!” सकाळी आक्कांना समोर बघून आप्पांनी मला विचारले.

मी स्क्रिप्ट उघडली. दोन अटी जोडणाऱ्या शब्दाला ऑपरेटर म्हणतात. आप्पांनी ‘आणि’साठी ‘अँड’ लिहिले होते.

“आप्पा, ह्याचा अर्थ, ज्याचं गाव निपाणी आहे आणि चिकोडीपण आहे, असा माणूस.”

“दोन गावचा माणूस? असला कोण असतोय?”

“कोणीच नाही. म्हणून मेसेजही कोणालाच गेला नाही. इथं ‘ऑर’ पाहिजे. म्हणजे किंवा.”

“मग घाल की! माणसं बसमधी हाईत.”

‘ऑर’ घातल्यावर मेसेज गेले. काही जण अजून घरीच होते. काही वाटेत संकेश्वरला उतरून परत फिरले. आक्का तर आमच्यासमोरच बसल्या होत्या. त्यांना फार वेळ उपाशी ठेवणे बरे नव्हते. आप्पांनी खडेबाजारातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि रिक्षा बोलावली.

“तुमच्या कॉम्प्युटरला मराठी येत न्हाय व्हय?” रिक्षात चढताना आक्कांनी विचारले.

“त्याला मराठी येत न्हाय, आक्का, अन् मला इंग्लिश,” आप्पा म्हणाले.

आक्का हसल्या नाहीत. त्यांची सोनोग्राफी तिकडे झाली आणि मगच त्यांच्या पोटात काही गेले.

आता मेसेज सोडण्याआधी किती नावे निवडली गेली ते मी पडद्यावर पाहून घेते. शून्य माणसांना शून्य मेसेज पाठवणे, हे कॉम्प्युटरच्या लेखी अगदी चोख काम असते.