कापडाआडचं बोलणं

पॉवरलूमच्या शेजारी आयुष्य गेलेला माणूस हळू बोलत नाही. लग्नातही ओरडतो, मयतातही ओरडतो. त्यामुळे चांगदेवला ऐकू येत नाही, हे शेलार गावात कुणाच्या लक्षात येण्याची सोयच नव्हती.

त्याच्या घराला लागून लूमची शेड. मधली भिंत नावापुरती. दोन्ही शिफ्टला धोटे खटाखट इकडून तिकडे आपटत असायचे आणि त्या आवाजात त्याचा आणि हौसाचा संसार चालायचा. समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचायचं, आपलं हाताने सांगायचं. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की सुताची तार तुटली. पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली की जेवायला चला. करंगळीचा अर्थ साऱ्या देशाला ठाऊक आहे. तीस वर्षांच्या लग्नाला एवढ्या खुणा पुरतात. काहींना तर जास्तच होतात.

अडचण फक्त शुक्रवारची. त्या दिवशी लूमला सुट्टी. चांगदेव सकाळीच दापोड्याला बहिणीकडे निघून जायचा. बहीण अखंड बोलायची आणि उत्तराची वाट बघायची नाही. बहिऱ्या माणसाला याहून चांगली जागा नाही. भावाचा आपल्यावर फार जीव आहे, असं ती सगळ्यांना सांगायची.

लपवण्याला कारण होतं. त्याच्या चुलत्याला गावाने एकदा 'लडकू बहिरा' म्हटलं ते म्हटलं. लडकूच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवरही ते कंसात छापलं होतं, म्हणजे लोकांचा गोंधळ नको.

मग लॉकडाऊन आला आणि सगळेच वार शुक्रवार झाले.

कारागीर मिळेल त्या ट्रकने, नाहीतर पायी, आपापल्या मुलखाला गेले. लूम थांबले. दापोड्याचा रस्ता बंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात शांतता आली आणि हौसा पहिल्यांदा हळू आवाजात बोलायला लागली. तिचा आवाज चांगला होता म्हणतात. ती भाकऱ्या थापताना पाठमोरी बोलायची, भांडी घासताना बोलायची. चांगदेव मागून अंदाजाने "हां" म्हणायचा. पुढे पुढे नुसता भिंतीकडे बघत बसू लागला, कारण भिंत काही विचारत नाही.

हौसाने मुलीला फोन केला. मृणाली ठाण्याला शाळेत शिकवायची आणि ऑनलाइन व्याख्यानं ऐकून तिला मनाच्या आरोग्याची बरीच माहिती झाली होती. तिने एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली. हौसाने फोन नवऱ्याच्या कानाला लावून दिला आणि मोकळं बोलता यावं म्हणून स्वतः ओट्यावर जाऊन बसली.

बाईंनी झोप लागते का विचारलं. हां. भूक लागते का? हां. रडावंसं वाटतं का? हां. बाबा फार मोकळे आहेत, असं त्यांचं मत होत आलं होतं. शेवटी, नियमाने विचारावं लागतं म्हणून, त्यांनी जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही विचारलं. चांगदेव हां म्हणाला, आणि सभ्यपणे हसलासुद्धा.

मृणालीने रडत आईला बजावलं, घरातल्या दोऱ्या लपव. हौसा शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. आत छतापर्यंत सूत होतं. तिने विळी आणि कपडे वाळवायची दोरी चार घरं पलीकडच्या गोदूबाईकडे नेऊन ठेवली आणि स्वतः नवऱ्यावर नजर ठेवून बसली. ही आपल्याकडे इतकं का बघते, हे चांगदेवला कळलं नाही, पण बरं वाटलं. समोरून बघितलं की ओठ दिसतात.

पावसाळ्यात हौसाला ताप आला. मधल्या काळात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले होते. हौसाने दोघांपुरते घरीच शिवले होते. कापड विकत आणायची गरज नव्हती. शेवटच्या शिफ्टचं अर्धवट कापड लूमवर तसंच होतं, तेच कापून घेतलं. चांगदेवला आपल्या मालाचं कौतुक होतं. घट्ट वीण, उन्हात धरलं तरी पलीकडचं दिसायचं नाही.

गाडी आली. पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी हौसाला आत चढायला सांगितलं. गाडीच्या पायरीवर ती वळली. एका हातात पिशवी, दुसरा रिकामा. ती काहीतरी बोलली. बरंच बोलली. मास्कचं कापड आत-बाहेर होत राहिलं. बोलून झाल्यावर ती थांबली, उत्तर हवं असल्यासारखी.

चांगदेवने मान हलवली. "हां."

हौसा परत आली नाही. प्रेतही ताब्यात दिलं नाही. फोन आला, तो मृणालीने घेतला.

दहावं झालं तसं, म्हणजे जवळजवळ झालंच नाही, त्यानंतर चांगदेव गोदूबाईच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिला. गाडी आली तेव्हा ती इथूनच बघत होती. त्याने तिला तोंडावरचं कापड खाली करायला खुणेने सांगितलं.

"मना आयकू येत न्हाय गोदूबाय. लय वर्सं झाली. हौसा काय बोलली जाताना?"

गोदूबाईने नाकावरचा पदर काढला. ती त्या दिवशी बरीच लांब उभी होती. पण बाई मनाने चांगली.

"जेवत जावा टायमावर, असं बोलली."

चांगदेव तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्याला हात पुरला आसता तिला."

गोदूबाईने आत जाऊन विळी आणून दिली. दोरी दिली नाही.

पुढे लूम सुरू झाले, नवे कारागीर आले, मास्क हनुवटीवर उतरले. त्या खडखडाटात चांगदेव पुन्हा सगळ्यांशी बोलू लागला, हातवारे करू लागला. बाबा लवकर सावरले, असं मृणालीने त्या बाईंना कळवलं. बाईंनाही समाधान वाटलं.

शुक्रवारी मात्र तो आता दापोड्याला जात नाही. बहीण रागावली आहे. लूम बंद असतात, तेव्हा तो आरशासमोर बसतो, दोघांपुरत्या शिवलेल्यातला आपला मास्क चढवतो आणि एकेक वाक्य बोलून बघतो. कुठल्या वाक्याला कापड त्या दिवशीसारखं हलतं? दोन-तीन वाक्यं बरीचशी जुळतात. त्यातल्या एकाचं उत्तर 'हां' असायला नको होतं.