बिराजदार सरांचं भूत

कुठल्याही पछाडलेल्या जागेत शिरण्याआधी बिराजदार सर दारावर टकटक करून अदबीनं विचारायचे, "आहे का कुणी? नसाल तर तसं सांगा." उत्तर आलं नाही की माझ्याकडं वळून म्हणायचे, "मुकं दिसतंय. चला." सोलापुरातल्या एका कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी भुतं खोटी पाडायचे. मी त्यांची मदतनीस. खांद्याला टेपरेकॉर्डर, आणि डोक्यात इतकं विज्ञान की अकलेला टेकायला जागा नव्हती. आता नातींना मी हुशार वाटते; त्यांनी मला तेव्हा पाहिलेलं नाही.

दुष्काळाच्या वर्षी एका सावकाराच्या जुन्या घरात, म्हणजे तिथल्या म्युझियममध्ये, भूत निघालं. बाहेरून कुलूप, आणि मांडून ठेवलेल्या स्वयंपाकघरात भरदुपारी थपथप आवाज. म्युझियमच्या अध्यक्षांचा संशय रखवालदार मौलालीवर.

"आत माणूस सापडला तर मौलाली घरी जाईल," ते म्हणाले.

"आणि भूत सापडलं तर?" सरांनी विचारलं. "त्याला कुटं धाडणार?"

दुपारी मौलालीनं दोन चुकीच्या किल्ल्या लावून मग कुलूप काढलं. सरांनी टकटक केली. मी थर्मामीटर धरून नोंद केली: 'खोलीत अनैसर्गिक उष्णता.' समोर चूल धडधडत होती, ते माझ्या विज्ञानात बसलं नाही. तेवढ्यात कणगीमागून एक पांढराफटक हात वर आला. मी किंचाळलेसुद्धा नाही. सरळ टेपरेकॉर्डरवर बसले.

हात पिठाचा होता आणि मौलालीच्या बायकोचा, खातूनबीचा होता. सावकाराच्या तांब्याच्या हंड्यांमागं कडक भाकऱ्यांची चळत. मिलच्या गेटवर ती त्या विकायची.

"पत्र्याच्या खोलीत एक तवा मावतो जी," ती म्हणाली. "हितं चुलीला तीन तोंडं. इनकी नौकरी गई तो बच्चे क्या खाते, सर?"

"सर, उलगडा झाला," मी टाचा जुळवून म्हणाले. "लिहू?"

सर तोवर सावकाराच्या पाटावर बसून शेंगाचटणी मागत होते. "थांबा की. पुरावा तपासू द्या." त्यांनी दोन पुरावे तपासले, मी तीन.

अहवालात त्यांनी लिहिलं: 'स्वयंपाकघरात स्त्रीचा वास आहे. स्वभाव शांत. दुपारी कुणी तिकडं फिरकू नये.' अध्यक्षांना शास्त्रीय तपासणीच हवी होती; तिच्यातच भूत निघाल्यावर ते सकाळीसुद्धा फिरकले नाहीत. मौलालीची नोकरी राहिली, चूल पेटत राहिली. सरांचं मात्र भुतं खोटी पाडून हयातभर कमावलेलं नाव गेलं. मुलं वर्गात फळ्यावर हडळ काढून ठेवायची. सर तिला हात न लावता उरलेल्या जागेत गणित सोडवायचे. मी तत्त्वासाठी महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला. तत्त्व भाकरी पचल्यावर जागं झालं होतं.

खरं काय ते त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्य म्हणाले, "सरांनी देव मानला नाही, पण भूत मानलं." हॉल खदखदून हसला.

सर उठले, चष्मा पुसला.

"मानावंच लागलं की," ते म्हणाले. "हाताला लई चव होती तिच्या."