हात धरण्याआधी

"काहून धरून राहिला इतकी घट्ट? पळून चालली का ते?" असं म्हणत दीदी पुरुषाची बोटं बाईच्या पाठीवरून एकेक करून सोडवायच्या. दोरीवरचे चिमटे काढावेत तशी.

तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी त्या आम्हाला वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने करायचा विलायती नाच, शिकवत. रायपुरात वॉल्ट्झ ऐकून तुम्हीही हसाल. माझा मुलगा हसलाच होता, "मम्मी, इस उमर में?" दीदी रेल्वेच्या तिकीट-खिडकीवरून निवृत्त झालेल्या. वडील भंडाऱ्याचे, लोको शेडमध्ये फिटर. बिलासपूरच्या रेल्वे कॉलनीत शेजारी एक अँग्लो-इंडियन बाई राहायच्या. त्यांच्याकडून लहानपणी शिकलेलं हे नाचणं दीदींनी जन्मभर सांभाळलं.

पावलं चुकली तर त्या रागावत नसत. वागणं चुकलं की मात्र भडकायच्या.

"पहिले विचार, मग हात पुढं कर. नाही म्हनली त हासून बाजूले हो. तोंड पाडाचं नाही."

"सुपारी खाऊन आला? जा, चूळ भरून ये."

"नाच झाला की तिले खुर्चीपर्यंत सोडाचं. बस मधातच थांबवून उतरवल्यावानी नाही करायचं."

आणि सगळ्यात जास्त वेळा हे, "इशारा छातीतून देजो, मनगटातून नाही. ते गाय नाही दावं धरून ओढाले."

ओढणारा एकच होता. हॉलचा मालक. उरला औद्योगिक वसाहतीत त्याची लोखंडाची रोलिंग मिल, हॉल तो आम्हाला फुकट देई आणि दर रविवारी ते एकदा तरी ऐकवी. एकदा माझा हात त्याने असा पिरगाळून फिरवला की मनगट सुजलं. बँकेत मी सांगितलं, कपाटाच्या दारात सापडलं. बत्तीस वर्षं नोकरी केलेली बाई मी, आणि खोटं बोलले ते त्याच्यासाठी.

मग पुरानी बस्ती मोहल्ल्यातून एक नवी मुलगी आली, शाळेत शिकवणारी. तिसऱ्याच रविवारी त्याने तिला न विचारता, न सांगता मागे वाकवलं. तिची टाच सरकली. ती उजव्या खांद्यावर आपटली.

"बॉडी ढीली छोड़नी थी ना," तो तिलाच म्हणाला.

दीदींनी गाणं बंद केलं. "माफी मांगिए."

"इसमें माफी क्या, दीदी? डान्स है, पूजा थोड़ी है."

दीदी आमच्याकडे वळल्या. "याच्याआधी कोनाले असं झालं?"

आम्ही अकरा जण होतो. कोणी पंख्याकडे पाहिलं, कोणी बुटांकडे. मी ब्लाउजची लांब बाही मनगटावर ओढली.

दीदींनी हॉलचं दार उघडलं. मग त्याला म्हणाल्या, "हॉल आपका है, क्लास मेरी है. बाहर जाइए."

तो गेला. पुढच्या रविवारी फाटकाला कुलूप. चौकीदार म्हणाला, मरम्मत चालू आहे. आमच्या ग्रुपवर लगेच शहाणपण सुरू झालं: दीदींनी जरा समजून घ्यायला हवं होतं, इतका चांगला माणूस. महिनाभरात मालकाने दुसरा मास्तर आणून क्लास उघडला, आणि अकरातले नऊ गेले. मीही गेले. दोन रविवार. आज लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या रविवारी दीदींच्या घरी गेले. त्या वटाणे सोलत बसल्या होत्या. मी मनगटाचं सांगितलं, माफी मागितली.

"मले माहीत होतं. बाही ओढली तवाच दिसलं."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"तुह्या तोंडातलं मी कशी बोलू?" त्यांनी शेंग कचकन मोडली. "मले माफी काहून मागून राहिली? त्या पोट्टीले माग. पडली ते, अन् एकटीच पडली."

चहा त्यांनी दिला. पण माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत. आणि मी त्या मुलीकडे गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ.

उन्हाळ्यात दीदी गेल्या. हृदय बंद पडलं. शोकसभा त्याच हॉलमध्ये ठेवली, आणि माईक हातात कोणाच्या? त्याच्याच. "दीदी हमारे परिवार की थीं," म्हणाला. गळा दाटवून म्हणाला! मग सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं मौन.

मागच्या रांगेत ती मुलगी उभी होती. उजव्या खांद्यावरची पर्स तिने डाव्यावर घेतलेली.

माझ्याने राहवलं नाही. "यानं माझं मनगट पिरगाळलं होतं," मी मोठ्याने म्हणाले. "दीदींनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. या मुलीची काहीच चूक नव्हती. तिची माफी मागते, सगळ्यांसमोर."

"भाभीजी, ये कोई वक्त है?"

"हव. हाच वक्त आहे. तेव्हाचा मी घालवला."

कोणीतरी खाकरलं. मग आमच्या क्लासमधल्या औषधाच्या दुकानवाल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "मेरे साथ भी." त्यांच्या पलीकडून आणखी एक आवाज आला. त्याने माईक खाली केला आणि सगळ्यांना बसायची खूण केली.

दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती. बसलं कोणीच नाही.