सेकंड बेसवरचे मिस्टर विलर्ड

बारा सीझनच्या बेसबॉलची किंमत: पुढचे दोन दात, डाव्या हाताची तीन बोटं कायमची वाकडी, आणि एक मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी बाप कुठल्यातरी बसमध्ये होता. पुढे तिने बापाशी बोलणंच सोडलं.

हे मला मिस्टर विलर्डनी स्वतः सांगितलं. माझ्या किचन सिंकखाली आडवं पडून.

नव्वदचं दशक. मी अमेरिकेत, हर्नडनला नवीन, पहिलाच जॉब. सत्तरी ओलांडलेले मिस्टर विलर्ड आमच्या अपार्टमेंटला मेंटेनन्सला होते.

कोपऱ्यातली माझी क्रिकेटची बॅट उचलून म्हणाले, "प्रोफेसर, ही बॅट आहे की होडीचं वल्हं?"

मी कॉम्प्युटरवाला, म्हणून प्रोफेसर.

तरुणपणी ते काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये सेकंड बेसमन होते. म्हणजे जमिनीलगत गोळीसारखे येणारे बॉल हाताने, छातीने, हनुवटीने, जमेल तसे अडवायचे. दिवसाला दोन मॅच, की पुन्हा बस. रेस्टॉरंटमध्ये आत बसू द्यायचे नाहीत. मागच्या खिडकीतून सँडविच मिळायचं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी वरून ओतायचे का?"

"वरून म्हणजे?"

मग सांगितलं. माझे बाबा शाळेत ओंजळ धरून उभे राहायचे. शिपाई लांबून, वरून पाणी ओतायचा. भांड्याला हात लागू नये म्हणून.

त्यांनी सिंकखालून डोकं बाहेर काढलं. "ओतणारा गोरा होता?"

"नाही. आमच्याच रंगाचा."

"मग त्यांना कळायचं कसं?"

"आडनावावरून."

ते पुन्हा आत गेले. पाना फिरवत पुढचं सांगायला लागले.

गोऱ्यांच्या लीगने दार उघडलं तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. त्यांचा खेळ बघायला आलेला साहेब म्हणाला, "पाच वर्षं आधी भेटला असतास तर."

"पाच वर्षं आधीही मी इथेच होतो, सर."

संपलं करिअर.

मला म्हणाले, "एकदा कुणीतरी चारचौघांत सांगावं, हा माणूस बॉलप्लेयर होता. बास."

मी म्हटलं, "आमच्या मराठी मंडळाची पिकनिक आहे. या तुम्ही. मी स्वतः इंट्रोड्यूस करतो. आमच्यात तुम्हाला कुणी मागच्या खिडकीतून जेवण देणार नाही. आणि मी असताना तर कुणाची टाप आहे!"

ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर हॅट. काखेत जुना ग्लव्ह.

मी तेव्हा एका डॉक्टरकाकांच्या तावडीत होतो. "नागपूरचे का? वा वा! नागपुरात कुठे? पूर्ण नाव काय म्हणालात?"

मी नुसतं पहिलं नाव सांगून घाईघाईने ट्रॅफिकवर बोलायला लागलो होतो. मंडळात मी तेव्हा तेवढंच सांगायचो.

तेवढ्यात एक काकू मिस्टर विलर्डना बघून हसल्या. "ओह, गुड! दॅट वन इज फुल."

आणि कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवून नवी काळी बॅग त्यांच्या हातात दिली.

काकू वाईट नव्हत्या हो. नंतर त्यांनी त्यांना दोनदा श्रीखंड वाढलं.

मिस्टर विलर्डनी माझ्याकडे पाहिलं. मग ग्लव्ह बाकावर ठेवला, भरलेली बॅग काढून तिला गाठ मारली आणि नवीन लावली.

त्या दिवशी बेसबॉलचा विषय निघालाच नाही.

त्याच हिवाळ्यात ते गेले. लॉन्ड्री रूमच्या दारावर नोटीस लागली: मेंटेनन्सचे विलर्ड आता आपल्यात नाहीत. तातडीच्या कामासाठी ऑफिसला फोन करा.

आज त्यांचा स्मृतिदिन.

मिस्टर विलर्ड, तुम्ही बॉलप्लेयर होता. सेकंड बेस. बारा सीझन. इथे, या पोस्टवर माझे सगळे लोक आहेत, डॉक्टरकाकांची मुलंही आहेत. सगळ्यांसमोर सांगतोय.

आणि हेही सांगतो. तुम्ही गाठ मारत होता तेव्हा डॉक्टरकाकांनी मला विचारलं होतं, "तुमच्या ओळखीचा आहे का हा?"

मी "नाही" म्हणालो होतो.