बाईंची बीकरातली कॉफी

बावड्याच्या आमच्या हायस्कुलात पाचशे मिलीचा एक बीकर होता आणि तो वर्षानुवर्षं एकाच प्रयोगासाठी वापरला जात होता. हा प्रयोग पाठ्यपुस्तकात नव्हता. मधली सुट्टी झाली की मराठीच्या बाई प्रयोगशाळेत येत, दार ओढून घेत, स्पिरिटचा दिवा पेटवत, तिवईवर जाळी, जाळीवर बीकर आणि बीकरात कॉफी. विज्ञानाचा शिक्षक मी होतो, पण त्या बीकरावर माझा काही अधिकार उरला नव्हता. मुली त्यांना मागं ‘कॉफीबाई’ म्हणत. आमच्याकडं चहात साखर घालतात की साखरेत चहा, हे सांगणं अवघड. अशा गावात कॉफी पिणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर शिष्ट. बाई ठणठणीत होत्या. त्यामुळं स्टाफरूमनं काय तो निकाल लावून टाकला होता.

एकदा तपासणीला आलेले साहेब प्रयोगशाळेच्या दारात थबकले. हवेत वास घेत म्हणाले, “कसला प्रयोग चाललाय?”

मी घाबरून म्हणालो, “बाष्पीभवन.”

“छान, छान,” साहेब म्हणाले आणि शेरेबुकात लिहून गेले की, शाळेत कृतिशील शिक्षण उत्तम चालते.

बाईंचं म्हणणं असं, की कॉफीशिवाय त्यांना ओळ सुचत नाही. वर्गात त्यांची भाषा छापील असे. प्रयोगशाळेत मात्र त्या सांगवीच्या, म्हणजे माहेरच्या बोलीत बोलत. “सर, पहिल्या घोटाला शब्द येतो. दुसऱ्याला वाक्य येतं. अन् तिसऱ्याला शिपाई येतो.” हे अगदी खरं होतं. तिसऱ्या घोटाला शिपाई दार वाजवायचाच. मुख्याध्यापकांना तातडीनं स्वागतगीत हवं असायचं. पाहुणा कुणीही असो, बाई त्याला सूर्य म्हणत, चंदन म्हणत आणि दीपस्तंभ म्हणत. बावड्यापासून समुद्र किती लांब, हे एकाही पाहुण्यानं कधी विचारलं नाही. दरवर्षी फक्त नाव बदलायचं आणि दरवर्षी मुख्याध्यापक म्हणायचे, “बाई, यंदाचं गाणं विशेष जमलं.” निर्मितीचं श्रेय कॉफीला द्यावं, तर कॉफीची बदनामी व्हायची.

मग बारामतीला शालेय नाट्यस्पर्धा जाहीर झाली. मुख्याध्यापकांनी विषय दिला, वृक्षारोपण. शेवटी पाच घोषणा असाव्यात, अशी सूचनाही दिली. बाई आठवडाभर बीकर घेऊन बसल्या. या वेळी त्यांनी शिपायालाच सांगून ठेवलं होतं, की आत ॲसिड उघडं हाय, दार वाजवू नको. आठव्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढं ठेवली. त्यात एकही झाड नव्हतं.

त्यात एक घर होतं. सासरा, सासू, नवरा, दीर, दोन पोरं. सगळे जण एका बाईला हाका मारतात. माझा चष्मा कुठंय, मोटार चालू केली का, पाहुणं आल्यात, चहा टाक. ती बाई मात्र रंगमंचावर एकदाही येत नाही. आतून फक्त “आले, आले” एवढंच ऐकू येतं. शेवटी एकदा “आले” ऐकू येत नाही, आणि पडदा पडतो.

मुख्याध्यापकांनी वाचलं आणि विचारलं, “पण नायिका कुठंय?”

“ती कामात आहे, सर,” बाई म्हणाल्या. दुसरं लिहायला वेळ उरला नव्हता, म्हणून तेच नाटक बारामतीला गेलं.

स्पर्धेला बाईंचे यजमान, तात्या, हौसेनं जीप घेऊन आले. तात्या भला माणूस. बायकोच्या नोकरीचा त्यांना अभिमान होता. फक्त घरात पाण्याचा तांब्या कुठं असतो, हे त्यांना पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं. नाटक सुरू झाल्यावर सगळ्या सभागृहात मोठ्यानं हसत होते ते तात्याच. चष्म्याच्या प्रसंगाला तर त्यांनी मांडीवर थाप मारली. मग मधेच कुठंतरी त्यांचं हसणं थांबलं. मी शेजारीच होतो. त्यांनी हळूच डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसत बसले. पडदा पडेपर्यंत पुसत होते.

निकालात आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांचा शेरा होता : ‘मुख्य पात्राच्या प्रवेशाकडे लक्ष द्यावे.’

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “तात्या काय म्हणाले?”

बाई बीकर पुसत म्हणाल्या, “काय न्हाय. सकाळी उठून सवताच्या हातानं कॉफी केली. दूध उतू गेलं, भांडं करपलं. पण आणून दिली. अन् मग समोर खुर्ची टाकून बसलं. मी एक घोट घेतला की इचारायचं, ‘सुचलं का काय?’ ”

“मग?”

“मग काय! दर घोटाला एकदा इचारलं.” त्या हसल्या. बीकर जाळीवर ठेवत म्हणाल्या, “सर, कॉफीत काय नसतं हो. पण बाईमाणूस नुसतं बसलं की लोकांना बघवत न्हाय. हातात कप असला, की तेवढा वेळ बसू देत्यात.”

इतकी वर्षं मी त्यांच्या कॉफीची चेष्टा करत होतो. त्या दिवशी मीच उठून स्पिरिटचा दिवा पेटवला.

दोन वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभाला गीत हवं होतं आणि शाळेत ते लिहू शकणारं दुसरं कुणी नव्हतं. मुख्याध्यापकांनी निःसंकोचपणे बाईंनाच सांगितलं. बाईंनी लिहूनही दिलं. स्वतःला सूर्य, चंदन आणि दीपस्तंभ म्हणवून घेत त्या शाल पांघरून पहिल्या रांगेत गंभीर चेहऱ्यानं बसल्या होत्या. माझ्याकडं मात्र त्यांनी बघायचं टाळलं.

परवा मंगळवारी इंदापूरला गेलो होतो. स्टँडजवळच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलावर बाई दिसल्या. पुढं कॉफी, वही अर्धी भरलेली.

“बाई, इकडं कुठं?”

“कचेरीत काम हाय,” त्या म्हणाल्या. “सेवापुस्तकात माझं नाव चुकलंय. दर मंगळवारी यावं लागतं.”

“अजून दुरुस्त झालं नाही?”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “चुकलंच न्हाय ते. पण घरी सगळ्यांना पटलंय. तात्या तर म्हणत्यात, सरकारी काम हाय, दहा वर्षं बी लागतील.”

मी समोरची खुर्ची ओढायला हात पुढं केला. बाईंनी वहीवर पेन ठेवलं आणि मान वर केली.

“सर, राग मानू नका,” त्या म्हणाल्या, “पण बसा म्हणायची न्हाय मी.”

मी खुर्ची परत नीट आत सारली आणि बाहेर येऊन उभ्याउभ्या चहा घेतला.