दोष डोळ्यांचा नव्हता

छापखान्यात तिला सगळे घार म्हणत. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचायचं तिचं काम, आणि तिच्या तावडीतून वेलांटीसुद्धा सुटत नसे. पुढे डोळ्यांना आजार जडला, नजर मंदावली, तरी तिनं काम सोडलं नाही. घरच्या कॉम्प्युटरवर बोराएवढी अक्षरं करून ती वाचायची. कुणी विश्रांतीचा सल्ला दिला, की त्या माणसाच्या बोलण्यातल्या चुका काढायची.

आणि मग एक पुस्तक चुकांनी बरबटून बाहेर पडलं. जागोजागी अनुस्वार गायब. छापखान्याचा मालक स्वतः घरी आला, चहा अर्धा ठेवून म्हणाला, "बाई, खूप केलंत. आता डोळ्यांना सुट्टी द्या."

"माझे डोळे ठीक आहेत. पडद्यावर अक्षरं फुटतायत," ती म्हणाली.

मुलानं वाकून पडद्याकडे पाहिलं. "आई, तुझी अक्षरं एवढी मोठी, ती अशीच दिसणार. किती ओढशील गं?"

मालक गेला. ती न्हाणीघरात गेली, दार लावलं आणि साबणाचं वेष्टन भिंगाखाली धरलं. खरंच नजर गेली असली तर? पण वेष्टनावरची बारीक अक्षरं कालच्याइतकीच दिसली. भीती गेली आणि तिच्या जागी संताप आला.

तिनं नणंदेला फोन लावला. नणंद एका शाळेतले कॉम्प्युटर सांभाळायची. दोघींचा छत्तीसचा आकडा.

"वहिनीला माझी आठवण झाली! काय जळलं?"

"टोमणे नंतर मारा, वन्सं. पडद्यावर अनुस्वार शिरोरेखेत बुडतायत, आहे की नाही तेच कळत नाही."

"कधीपासून?"

ती आठवू लागली. कॉम्प्युटर स्वतःला अपडेट करत असताना मध्येच वीज गेली होती. त्यानंतरच.

"आधी पडदा मुलाच्या लॅपटॉपला जोड."

जोडला. अक्षरं लख्ख! म्हणजे पडदा धड, डोळेही धड. दोष कॉम्प्युटरच्या पोटात होता.

"अर्धवट अपडेटनं आतल्या फाइली नासल्या असणार," नणंद म्हणाली. "त्या तपासायला लावू. मी सांगते, तू टाइप कर."

आदेश द्यायची काळी खिडकी पडद्यावर उघडून तिनं त्यात एकेक अक्षर ठोकलं. तपासणीचे टक्के गोगलगायीसारखे सरकले. शेवटी उत्तर आलं: नासलेल्या फाइली सापडल्या, पण काही दुरुस्त झाल्या नाहीत.

"राहू दे आई, नवीन घेऊ," मुलगा म्हणाला.

"नवीन घेतलास तर लोक म्हणतील, म्हातारीच्या डोळ्यांसाठी घेतला. मला हाच हवाय."

नणंद फोनवर खो खो हसली. दुसरा आदेश दिला, त्यानं इंटरनेटवरून चांगल्या फाइली आणल्या. पुन्हा पहिली तपासणी केली, तेव्हा उरलेल्या फाइलीही दुरुस्त झाल्या. मग पडदा चालवणारा प्रोग्रॅम काढून नव्यानं टाकला. पडदा काळा झाला. उजळला, तेव्हा प्रत्येक अनुस्वार आपापल्या अक्षरावर ठाम बसलेला.

मुलगा लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिला. "मी नीट बघायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती छापखान्यात गेली. मालकानं पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं होतं.

"चुका माझ्या हातून गेल्या, कबूल," ती उभ्यानंच म्हणाली. "पण त्या माझ्या डोळ्यांच्या माथी मारू नका. डोळे जातील तेव्हा मीच येऊन सांगेन. तुम्ही सांगायचं नाही. आता तेच नासलेलं पुस्तक द्या, पुन्हा तपासते."

मालकानं पानं पुढे केली. तिनं खुर्ची ओढली, भिंग काढलं आणि त्याच्यादेखतच पहिली चूक पकडली. ती मालकानंच लिहिलेल्या प्रस्तावनेत होती.